करारानंतरचा कारभारी : कंपन्यांचे एकत्रीकरण आणि प्रकल्प व्यवस्थापक

एका कंपनीने दुसरी कंपनी विकत घेतली की बातमी होते ती सौद्याच्या रकमेची. दोन अध्यक्षांचे हस्तांदोलनाचे छायाचित्र छापून येते, शेअर बाजार आपला कौल देतो आणि चार दिवसांत विषय मागे पडतो. प्रत्यक्षात काम तेव्हा कुठे सुरू झालेले असते. दोन पगारपत्रके, सेवाज्येष्ठतेच्या दोन याद्या, दोन संगणक प्रणाल्या, रजेचे दोन निराळे नियम, एकाच पुरवठादाराशी वेगवेगळ्या दराने केलेले दोन करार, असा सारा दुहेरी संसार एका छपराखाली आणायचा असतो. हे काम ज्याच्या गळ्यात पडते त्या व्यक्तीचे नाव बातमीत सहसा नसते. कंपनीच्या भाषेत त्याला 'इंटिग्रेशन प्रोजेक्ट मॅनेजर' म्हणतात. मराठीत एकत्रीकरण प्रकल्पाचा व्यवस्थापक म्हणता येईल. जुना 'कारभारी' हा शब्दही चुकीचा ठरणार नाही.

या कामाची व्याप्ती समजून घेताना तीन शब्दांतील फरक आधी लक्षात घ्यावा लागतो. अधिग्रहण म्हणजे मालकी बदलणे. विलीनीकरण म्हणजे कायद्याच्या दृष्टीने दोन कंपन्यांची एक कंपनी होणे. एकत्रीकरण म्हणजे दोन्हीकडची माणसे आणि यंत्रणा खरोखर एक होऊन काम करू लागणे. या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी घडत नाहीत आणि घडाव्यात असाही नियम नाही. सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसचे उदाहरण यासाठी बोलके आहे. जानेवारी २००९ मध्ये संस्थापक बी. रामलिंग राजू यांनी हिशेबातील गैरव्यवहाराची कबुली दिली आणि एप्रिल २००९ मध्ये पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्रने प्रतिशेअर ५८ रुपयांची बोली लावून ही कंपनी मिळवली. दोन्ही कंपन्या कायद्याने एक झाल्या त्या मात्र जून २०१३ मध्ये. मधली चार वर्षे 'महिंद्र सत्यम' या नावाने स्वतंत्र कंपनी चालू राहिली. सत्यमचे सुधारित ताळेबंद सप्टेंबर २०१० मध्ये आले, अमेरिकेतील भागधारकांच्या दाव्यात २०११ मध्ये १२.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. हे ओझे उतरण्यापूर्वी घाईने विलीनीकरण केले असते, तर ते टेक महिंद्रच्या भागधारकांच्या डोक्यावर आले असते. केव्हा थांबायचे, हाही एकत्रीकरणाच्या आराखड्याचाच भाग असतो.

अधिकार थोडे, जबाबदारी मोठी

कंपनी विकत घ्यायची की नाही, किती किमतीला घ्यायची, हे ठरवताना प्रकल्प व्यवस्थापकाला सहसा कोणी विचारत नाही. ते काम संचालक मंडळाचे, वित्तीय सल्लागारांचे आणि वकिलांचे. सौदा ठरल्यावर मात्र 'अमुक वर्षांत इतक्या कोटींची बचत होईल' हे भागधारकांना दिलेले आश्वासन त्याच्या टेबलावर येऊन पडते. मोठ्या व्यवहारात त्यासाठी स्वतंत्र एकत्रीकरण कार्यालय उघडले जाते. वित्त, मनुष्यबळ, माहिती तंत्रज्ञान, खरेदी, विक्री, कायदा अशा प्रत्येक विषयाचा एक गट, त्या गटात दोन्ही कंपन्यांचा एकेक प्रमुख, आणि या सर्वांचे वेळापत्रक सांभाळणारा व्यवस्थापक, अशी साधारण रचना असते. या प्रमुखांपैकी एकही जण त्याच्या हाताखालचा नसतो. वित्त विभागाचा प्रमुख वित्त संचालकाला उत्तरदायी असतो आणि माहिती तंत्रज्ञानाचा आपल्या वरिष्ठाला. शिवाय दोघांनाही आपापले रोजचे काम चुकलेले नसते.

अशा स्थितीत त्याच्या हातात खरे हत्यार एकच असते : कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे याचा बिनचूक नकाशा. दोन्हीकडच्या कर्मचाऱ्यांचा पगार एकाच प्रणालीतून काढायचा, हे साधे वाटणारे काम घ्या. त्यासाठी आधी हुद्द्यांची श्रेणी जुळावी लागते. एका कंपनीतला 'मॅनेजर' दुसऱ्या कंपनीतल्या 'सीनिअर एक्झिक्युटिव्ह'च्या बरोबरीचा आहे की वरचा, हे ठरल्याखेरीज श्रेणी जुळत नाही. ते ठरवायचे तर पगाराच्या धोरणाचा निर्णय हवा, त्यासाठी संचालक मंडळाची मंजुरी हवी आणि जेथे कामगार संघटना आहेत तेथे त्यांच्याशी करारही हवा. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचे विश्वस्त निधी वेगळे असतील तर त्यांचा प्रश्न निराळाच. संगणक विभाग नवी प्रणाली सहा महिन्यांत उभी करील. पण साखळीच्या पहिल्या कडीवर कोणी सहीच केली नसेल, तर ती प्रणाली रिकामी पडून राहते. कोणाची सही कोणत्या तारखेपर्यंत हवी आणि ती न झाल्यास पुढची कोणती पाच कामे अडतील, हे वरिष्ठांना वेळेत आणि स्पष्ट शब्दांत सांगणे हा या नोकरीचा गाभा आहे.

हे सांगणे वाटते तितके सोपे नसते. प्रगतीचा अहवाल हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत मांडण्याची पद्धत आहे. आपल्या विभागाचा रकाना लाल दिसावा असे कोणालाच वाटत नाही. त्यामुळे खाली काम रखडलेले असतानाही वर जाणारा अहवाल हिरवागार राहतो. या व्यवसायात अशा अहवालाला गमतीने 'कलिंगड' म्हणतात.

मंजुरीपूर्वीची कुंपणे

करार जाहीर झाला तरी स्पर्धा नियामकाची मंजुरी मिळेपर्यंत दोन्ही कंपन्या कायद्याने परस्परांच्या स्पर्धकच असतात. भारतात विलीनीकरणविषयक तरतुदी १ जून २०११ पासून लागू झाल्या. निर्णयासाठी भारतीय स्पर्धा आयोगाला असलेली २१० दिवसांची कमाल मुदत सप्टेंबर २०२४ पासून १५० दिवसांवर आली आहे. या काळात एकमेकांचे दर, ग्राहकांच्या अटी किंवा नव्या उत्पादनांची माहिती पाहणे हा गुन्हा ठरू शकतो आणि त्यासाठी दंड होतो. दुसरीकडे, मंजुरी मिळाल्यावरच नियोजनाला हात घालायचा म्हटले तर महिने वाया जातात.

या अडचणीतून काढलेली वाट म्हणजे 'क्लीन रूम'. ह्यूलेट-पॅकार्ड आणि कॉम्पॅक या संगणक कंपन्यांनी सप्टेंबर २००१ मध्ये एकत्र येण्याची घोषणा केली आणि मे २००२ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. मधल्या काळात दोन्हीकडची निवडक माणसे रोजच्या कामातून बाजूला काढून वेगळी बसवण्यात आली. त्यांनी दोन्ही कंपन्यांची गोपनीय माहिती पाहायची, आराखडे करायचे. पण आपल्या जुन्या विभागात त्याची वाच्यता करायची नाही, असे बंधन होते. या कार्यालयाचे नेतृत्व एचपीचे वेब मॅकिनी आणि कॉम्पॅकचे जेफ क्लार्क या दोघांकडे संयुक्तपणे होते. त्यांनी निर्णयासाठी ठेवलेला नियम आजही या क्षेत्रात शिकवला जातो. प्रत्येक उत्पादन किंवा कार्यपद्धतीबाबत दोन्हींपैकी जे अधिक चांगले असेल ते घ्यायचे आणि पुढे जायचे. दोन्हींतले थोडे थोडे घेऊन तिसरे नवे घडवत बसायचे नाही. या सौद्याला एचपीच्या भागधारकांतून कडवा विरोध झाला होता आणि त्याच्या व्यावसायिक फलिताबद्दल पुढेही मतभेद राहिले. तथापि, पूर्वतयारीचा नमुना म्हणून त्याचा उल्लेख टळत नाही.

एकाच महाराजाची दोन विलीनीकरणे

भारतीय वाचकांना या विषयाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे एअर इंडिया. या एकाच कंपनीत सतरा वर्षांच्या अंतराने दोन मोठी एकत्रीकरणे झाली आणि दोन्हींची तुलना उद्बोधक आहे.

पहिले २००७ चे. परदेशी उड्डाणे करणारी, तेव्हा मुंबईत नरिमन पॉइंटला मुख्यालय असलेली एअर इंडिया आणि देशांतर्गत सेवा देणारी, दिल्लीकेंद्रित इंडियन एअरलाइन्स यांची मिळून 'नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया' ही कंपनी ऑगस्ट २००७ मध्ये कामाला लागली. कागदावर एक कंपनी झाली. कारभार मात्र दोनच राहिले. वैमानिकांच्या दोन संघटना, पगाराचे दोन करार, बढतीच्या दोन याद्या. दोन्हीकडची उड्डाणे 'एआय' या एका संकेतावर यायला फेब्रुवारी २०११ उजाडला. त्याच वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी वेतनसमानतेसाठी संप केला. वेतन आणि सेवाज्येष्ठतेचा गुंता सोडवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्ये, म्हणजे विलीनीकरणाला साडेचार वर्षे उलटल्यावर आला. मे २०१२ मध्ये संपाची पाळी पूर्वीच्या एअर इंडियाच्या वैमानिकांवर आली. नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण 'त्या' वैमानिकांना का, हा वादाचा मुद्दा होता आणि हा संप ५८ दिवस चालला.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात विलीनीकरणाच्या वेळेवरही बोट ठेवले. दोन्ही कंपन्यांनी मिळून १११ विमानांची खरेदी स्वतंत्रपणे ठरवून टाकली आणि त्यानंतर त्या एक झाल्या. एकत्र ताफा कसा असावा याचा विचार आधी व्हायला हवा होता. क्रमातील ही चूक कोणा प्रकल्प व्यवस्थापकाने केलेली नव्हती. मात्र हा क्रम उलटा आहे असे अधिकारवाणीने सांगू शकेल, असे पदच तेथे नव्हते असे म्हणावे लागते.

दुसरे एकत्रीकरण खासगी मालकीतले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे परतली. नोव्हेंबर २०२२ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सबरोबरची 'विस्तारा' तिच्यात विलीन करण्याची घोषणा झाली. स्पर्धा आयोगाची मंजुरी सप्टेंबर २०२३ मध्ये, राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाची जून २०२४ मध्ये आणि सिंगापूर एअरलाइन्सच्या थेट परकीय गुंतवणुकीला केंद्राची मंजुरी ऑगस्ट २०२४ मध्ये, अशी पायऱ्यांची चढण होती. १ ऑक्टोबर २०२४ रोजी आधी स्वस्त दरातील दोन कंपन्या, एअर इंडिया एक्स्प्रेस आणि पूर्वीची एअरएशिया इंडिया, एक करण्यात आल्या आणि १२ नोव्हेंबरला विस्तारा. लहान आणि तुलनेने सोपे काम आधी, अवघड काम नंतर, हा क्रम योगायोगाचा वाटत नाही.

बदलाच्या रात्रीची तयारी मात्र कित्येक आठवडे आधी सुरू झाली होती. १२ नोव्हेंबरनंतरच्या प्रवासाची विस्ताराच्या नावाने होणारी तिकीटविक्री ३ सप्टेंबरपासून टप्प्याटप्प्याने बंद करून ती एअर इंडियाकडे वळवण्यात आली. त्यामुळे शेवटच्या क्षणी हलवायच्या आरक्षणांचा ढीग लहान झाला. तरीही सुमारे दोन लाख ७० हजार प्रवाशांची आरक्षणे आणि विस्ताराच्या सदस्य योजनेतील ४५ लाखांहून अधिक खाती नव्या घरी न्यावी लागली. विस्ताराच्या उड्डाणांचा 'यूके' हा संकेत जाऊन त्या जागी 'एआय' आणि क्रमांकापुढे दोनचा आकडा आला. म्हणजे यूके ९५५ चे एआय २९५५ झाले. जुना क्रमांक पाठ असलेल्या प्रवाशालाही आपले विमान ओळखता यावे आणि विमानतळावरच्या कर्मचाऱ्यालाही कोणता ताफा, कोणती सेवा हे चटकन कळावे, असा हा साधा पण विचारपूर्वक काढलेला तोडगा होता. नव्या संकेताचे पहिले विमान, एआय २२८६, दोहाहून मुंबईला आले.

याचा अर्थ सारे सुरळीत झाले असा नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विस्ताराच्या वैमानिकांत नव्या वेतनरचनेवरून असंतोष पसरला. पूर्वी महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचे वेतन निश्चित मिळत असे, ते ४० तासांवर येणार होते. उड्डाणे रद्द होऊ लागली आणि अखेर कंपनीला दररोजची २५ ते ३० उड्डाणे, म्हणजे सुमारे दहा टक्के सेवा, कमी करावी लागली. वेळापत्रकात 'वेतनरचना समान करणे' ही एक ओळ असते. त्या ओळीमागे गृहकर्जाचे हप्ते भरणारी माणसे असतात, याची आठवण २०११ मध्ये जशी झाली तशीच ती २०२४ मध्येही झाली.

एका शनिवार-रविवारचा धडा

तारखेचा हट्ट काय करू शकतो, याचे सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण ब्रिटनमधील टीएसबी बँकेचे आहे. स्पेनच्या सबाडेल बँकेने २०१५ मध्ये ती विकत घेतली, तेव्हा टीएसबीचा कारभार पूर्वीच्या मालकाच्या, लॉइड्स बँकेच्या संगणकांवर भाड्याने चालत होता. अशा व्यवस्थेला 'संक्रमणकालीन सेवा करार' म्हणतात. विकणाऱ्याने काही काळ जुनी सेवा चालू ठेवायची आणि घेणाऱ्याने त्याचे पैसे मोजायचे. घड्याळ सतत चालू असते आणि महिन्यागणिक बिल येत राहते. टीएसबीला आपली ५२ लाख ग्राहकांची खाती सबाडेलच्या यंत्रणेवर न्यायची होती. पहिली ठरलेली तारीख होती नोव्हेंबर २०१७. ती पाळता येणार नाही हे स्पष्ट झाल्यावर नव्या वर्षाची पहिली तिमाही ठरवण्यात आली आणि अखेर २० ते २२ एप्रिल २०१८ या दिवसांत बहुतांश खाती एकाच दमात हलवण्यात आली.

सोमवारी सकाळी गोंधळ उडाला. १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपले खाते उघडता येईना. काहींना दुसऱ्याच्याच खात्यातील रक्कम दिसू लागली. बँकेचे कामकाज पूर्णपणे पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला. दोन लाख २५ हजारांवर तक्रारी आल्या, तीन कोटी २७ लाख पौंड भरपाई द्यावी लागली आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या दोन वित्तीय नियामकांनी बँकेला चार कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला. एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन मुख्य माहिती अधिकाऱ्यांनाही व्यक्तिशः ८१ हजार ६२० पौंड दंड झाला.

बँकेनेच नेमलेल्या स्लॉटर अँड मे या विधि संस्थेचा चौकशी अहवाल नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकल्प व्यवस्थापनात काम करणाऱ्याने तो मुळातून वाचावा असा आहे. एकाच वेळी चालणाऱ्या दोन माहिती केंद्रांपैकी केवळ एकाचीच पूर्ण भाराखाली चाचणी झाली होती. त्याहून महत्त्वाचा मुद्दा वेळापत्रकाचा. काही गटांचे काम सात महिन्यांपर्यंत मागे होते, तरी नवी तारीख मूळ तारखेच्या केवळ चार महिनेच पुढची धरण्यात आली. उरलेले तीन महिने कोठून येणार, हा प्रश्न संचालक मंडळाने विचारला नाही. नवे वेळापत्रक आजपासून पुढे मोजत जाण्याऐवजी ठरवलेल्या तारखेपासून मागे मोजत बसवलेले होते. त्यात सबाडेलच्या माहिती तंत्रज्ञान कंपनीने हे काम पुढे ८५ उपकंत्राटदारांत वाटलेले होते. त्यांच्यापैकी प्रत्येकाची तयारी खरोखर झाली आहे का, याची खातरजमा पुरेशी झाली नाही.

म्हणूनच जाणता व्यवस्थापक बदलाच्या दिवसासोबत 'माघारीची वेळ'ही लिहून ठेवतो. शनिवारी रात्री अमुक वाजेपर्यंत अमुक तपासण्या उत्तीर्ण झाल्या नाहीत, तर जुन्या यंत्रणेवर परतायचे. हा निर्णय कोण घेईल, त्याचे नावही आधीच नक्की असते. पहाटे तीन वाजता थकलेल्या माणसांनी चर्चा करून ठरवण्याची ही गोष्ट नाही. त्याआधी किमान दोन-तीन वेळा संपूर्ण रंगीत तालीम व्हावी लागते, तीही खऱ्याइतक्याच मोठ्या माहितीसाठ्यावर.

बँकेतला ग्राहक

सर्वसामान्य मुंबईकराला एकत्रीकरणाची झळ बसते ती बँकेच्या निमित्ताने. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. परंतु त्यांचे जुने आयएफएससी क्रमांक १ मार्च २०२१ पर्यंत चालू ठेवण्यात आले होते. १ एप्रिल २०२० रोजी, ऐन टाळेबंदीत, दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या. त्यांतील ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक यांची जुनी धनादेश पुस्तके ऑक्टोबर २०२१ पासून बाद झाली, तर सिंडिकेट बँकेचे आयएफएससी जून २०२१ अखेरपर्यंत चालले. वर्ष-दोन वर्षांची ही सवलत म्हणजे औदार्य नव्हते. निवृत्तिवेतन, लाभांश, विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची मासिक गुंतवणूक, घरभाड्याचे पुढील तारखांचे धनादेश, अशा अनेक ठिकाणी जुना क्रमांक रुतून बसलेला असतो आणि तो किती ठिकाणी आहे याची यादी बँकेकडेही नसते. अशा वेळी जुन्या क्रमांकावर आलेले पैसे नव्या खात्यात वळवणारी जोडणी काही काळ जिवंत ठेवावी लागते.

मोठ्या एकत्रीकरणाचे कार्यालय साधारण दीड-दोन वर्षांत बंद होते. उरलेली कामे नेहमीच्या विभागांकडे सोपवली जातात, जुने परवाने रद्द होतात, जुनी संकेतस्थळे नव्याकडे वळवली जातात. व्यवस्थापकाचे पदही तेथेच संपते. ज्या पुनर्रचनेत इतरांच्या जागा त्याने तक्त्यावर मांडलेल्या असतात, तीत त्याची स्वतःची जागा बहुधा आखलेली नसते. चांगल्या कंपन्या हे आधीच ओळखून त्याला पुढील जबाबदारी लेखी देतात. इतर ठिकाणी अनुभवी माणूस काम अर्धवट टाकून निघून जातो आणि त्याच्या डोक्यातला नकाशाही त्याच्याबरोबर जातो.

टीएसबीपुरते सांगायचे तर जुलै २०२५ मध्ये सबाडेलने ही बँक २६५ कोटी पौंडांना सँटँडरला विकण्याचा करार जाहीर केला. ती आपल्या ब्रिटनमधील कारभारात सामावून घेण्याचा मनोदय सँटँडरने तेव्हाच व्यक्त केला होता. म्हणजे खाती हलवण्याचे काम पुन्हा आलेच.